मदत हवी आहे: नोटिफिकेशन दाबलं की अर्धवट फॉर्मऐवजी गावांची यादी उघडते

पाणंद: शेतकरी सर्वेक्षणाचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, फॉर्म लांबलचक. माहिती भरताना मध्येच फोन येतो, कार्यकर्ता बाहेर पडतो. मग 'फॉर्म अपूर्ण आहे' असं नोटिफिकेशन जातं. दाबल्यावर पीकपेऱ्याच्या पानावर, म्हणजे सोडलं तिथेच जायला हवं. उघडते गावांची यादी! लोक पुन्हा गट नंबरापासून भरत बसतात. समोरचा शेतकरी किती वेळ थांबेल? सोमवारी नवी आवृत्ती द्यायचीय. लवकर सांगा.

खटपट्या: कशात लिहिलंय? फ्लटर (अ‍ॅप बनवायची चौकट) असेल तर त्यातलं स्क्रीन बदलणारं गो-राउटर वापरा, दुसरं काही बघूच नका.

पाणंद: फ्लटर नाही, कोटलिन भाषेत.

जुनाजाणता: यादी उघडल्यावर बॅक दाबा. खाली काय दिसतं?

पाणंद: अरे, भरलेला फॉर्म तसाच आहे!

जुनाजाणता: मग तो गेलेला नाही, त्याच्यावर यादीची दुसरी प्रत चढतेय. इंटेंटला (कोणता स्क्रीन उघडायचा ते सांगणारा संदेश) क्लिअर-टॉप (त्या स्क्रीनच्या वरचे बंद करा) आणि सिंगल-टॉप (तोच वर असेल तर नवी प्रत नको) या खुणा लावा.

कातळ: क्लिअर-टॉप अजिबात नको! यादीच्या वर जी फॉर्मची अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन, आहे तीच बंद होईल. आयकॉन दाबल्यावर जो इंटेंट जातो तसाच द्या: अ‍ॅक्शन मेन, कॅटेगरी लाँचर, न्यू-टास्क. टास्क, म्हणजे एकावर एक उघडलेल्या स्क्रीनची चळत, होतं तसं पुढे येतं.

जुनाजाणता: माझ्याकडे क्लिअर-टॉप वर्षानुवर्षं चालतंय.

कातळ: तुमच्याकडे एकच अ‍ॅक्टिव्हिटी असेल. पाणंद, तुमच्याकडे?

पाणंद: दोन. यादी वेगळी, फॉर्म वेगळा.

मृद्गंध: अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. मागितलीय का?

पाणंद: नोटिफिकेशन येतंय हो, अडचण दाबल्यानंतरची आहे. नव्या फोनांवर तर दाबून काहीच उघडत नाही.

कातळ: हे आधी सांगायला हवं होतं. दाबणं आणि स्क्रीन उघडणं यांच्या मध्ये ब्रॉडकास्ट रिसीव्हर (मागे चालणारा, संदेश घेणारा कोड) आहे? अ‍ॅपचं टार्गेट एपीआय 31 (अँड्रॉइड 12) किंवा पुढचं असेल तर अँड्रॉइड 12 पासून नोटिफिकेशन दाबल्यावर रिसीव्हरमधून स्क्रीन उघडता येत नाही. पेंडिंग-इंटेंट (नोटिफिकेशन दाबल्यावर जाणारा इंटेंट) थेट अ‍ॅक्टिव्हिटीचा द्या.

पाणंद: आहे, किती जणांनी दाबलं ते मोजायला. काढतो.

सातबारा_प्रेमी: गट नंबर हाताने का भरायला लावता? सातबाऱ्यावरून आपोआप घ्या ना.

रानमेवा: सगळे इंटेंटमध्येच अडकलात. कमी रॅमच्या फोनवर कॉल चालू असतानाच सिस्टीम प्रोसेस मारते. कोणी रिसेंट्समधून (अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपांची यादी) अ‍ॅप सरकवून टाकलं तर पुढे आणायला टास्कच उरत नाही. प्रत्येक पानानंतर मसुदा रूममध्ये (फोनमधला डेटाबेस) साठवा. अ‍ॅप नव्याने सुरू झालं की अपूर्ण मसुदा शोधून थेट त्या पानावर न्या.

कातळ: हे मान्य. मसुद्याचा क्रमांक नोटिफिकेशनमधून पाठवू नका मात्र. लाँचर इंटेंटने जुनं टास्क नुसतं पुढे येतं, एक्स्ट्राज, म्हणजे इंटेंटसोबत जोडलेली माहिती, पोचत नाहीत.

पाणंद: लाँचर इंटेंट लावला, पीकपेऱ्यावरच उघडतंय! मसुद्याचं आज बसतो. एकाच कार्यकर्त्याचे दोन फॉर्म अर्धवट असले तर?

रानमेवा: शेवटी हात लावलेला उघडा, दुसरा यादीत सगळ्यात वर ठेवा. आणि सोमवारच्या आधी डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' (बाहेर पडताच स्क्रीन नष्ट करणारी सेटिंग) चालू करून तपासा. नंतर रिसेंट्समधून सरकवूनही बघा, त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत.