बर्फ वितळताना पहिलंच पाणी एवढं आंबट का?

हर्णैकर:
धाकटी बहीण नॉर्वेत शिकतेय, ती म्हणते तिकडे वसंतात बर्फ वितळायला लागला की ओढ्यांचं पाणी एकदम अॅसिडिक होतं, मासे मरतात. आता आम्ल सगळ्या बर्फात मिसळलेलं असेल तर ते रोज थोडं थोडं यायला हवं ना? सुरुवातीलाच एवढं कसं येतं? आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, म्हणून विचारतोय.

गुहागरची_मुलगी:
दादा, कोकम सरबत फ्रीजरला घट्ट गोठवा आणि मग वितळू द्या, पहिले थेंब लालभडक नि आंबट येतात आणि मागे फिकट बर्फ उरतो. तेच आहे हे. बर्फाच्या स्फटिकात सल्फेट, नायट्रेटला (धुरातून बर्फात आलेली, आम्ल बनवणारी रसायनं) जागाच नसते, हिम महिनोन्महिने साचून राहतं, त्याचे कण मोठे होत जातात आणि ही रसायनं कणांच्या पृष्ठभागावर ढकलली जातात, मग पहिलं पाणी पाझरलं की त्यातलं बरंचसं धुऊन खाली नेतं. 1978 मध्ये नॉर्वेच्याच योहानेसेन आणि हेन्रिक्सन या संशोधकांनी दाखवलंय, पहिल्या 30 टक्के पाण्यात 50 ते 80 टक्के प्रदूषण निघून जातं!! आणि दिवसा वितळून रात्री परत गोठलं तर अजूनच तीव्र होतं. सगळं एकदम सुटत नाही हां, सल्फेट नायट्रेट आधी, क्लोराइड मागून.

दाभोळ_खाडी:
पण ते पाणी जमिनीत मुरताना माती आम्ल शोषून घेत नाही का? आणि माशांना नेमकं काय होतं? आमच्याकडे चढणीचे मासे पहिल्या पाण्यालाच वर येतात, म्हणून जीव तुटतो ऐकून.

गुहागरची_मुलगी:
घेते, पण तेव्हा जमीन गोठलेली किंवा पाण्याने भरलेली, बरंच पाणी वरवरच वाहून जातं. दक्षिण नॉर्वेत खडक ग्रॅनाइटसारखे, चुना कमी, त्यामुळे आम्ल मारायला काही नाही. वर आम्लामुळे मातीतलं अॅल्युमिनियम सुटतं आणि कल्ल्यांवर बसतं, मासा गुदमरतो. सामन, ट्राउटची पिल्लं अंड्यातून निघायची वेळही साधारण हीच, हे सगळ्यात वाईट. तिथल्या कित्येक नद्यांतला सामन संपला होता, मग पाण्यात चुना टाकायला लागले, युरोपात गंधकाचा धूर कमी झाला तसं पाणी सुधारतंय.

हर्णैकर:
आता कळलं. बहीण ओढ्याचा पीएच (पाणी किती आम्ल त्याचं माप) मोजणार आहे, आठवड्यातून एकदा पुरेल का?

गुहागरची_मुलगी:
नाही हो, आठवड्याच्या गॅपमध्ये आम्लाची मुख्य लाटच निघून जाईल. वितळायला लागल्यापासून रोज घ्यायला सांगा, जमलं तर दिवसातून दोनदा, आणि वितळण्याआधीच्या बर्फाचंही एक सॅम्पल हवंच, नाहीतर तुलना कशाशी करणार.