कर्व्यांनी मुलींसाठी वेगळं विद्यापीठ काढलं, ते बरोबर होतं का?

कोथरूडकर:
जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली, 1915 च्या सामाजिक परिषदेत त्यांनी कल्पना मांडली आणि 1916 मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याला मोजक्या मुली घेऊन विद्यापीठ सुरूही झालं. तेच आजचं मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ. शिक्षण मातृभाषेतून, सरकारी मान्यता नाही. वैधानिक दर्जा मिळायला 1951 उजाडलं. माझं ठाम मत आहे की मान्यतेची वाट न पाहण्यातच कर्व्यांचं मोठेपण आहे. वाट पाहिली असती तर एक अख्खी पिढी घरात बसली असती.

वैशाली_न:
अजिबात पटत नाही. सगळी दारं बंद होती असं चित्र नको. पुढे वकील झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1880 च्या दशकातच पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. मुलींना तिथे पोचवायला वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या उभारायच्या, की सरकारदरबारी न चालणारी 'गृहीतागमा' ही बी.ए.सारखी वेगळी पदवी काढायची? मान्यतेविना गेलेल्या त्या पस्तीस वर्षांचा भुर्दंड मुलींनीच भरला ना?

कोथरूडकर:
सोराबजींचे वडील मिशनरी होते, इंग्रजी त्यांच्या घरातच होतं. लहानपणी विधवा झालेली, विशीत अक्षरं गिरवणारी बाई इंग्रजीतून मॅट्रिक कधी होणार? कर्व्यांना हे घरातच दिसत होतं. त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई स्वतः विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत, शिकलेल्या. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा माणूस भाबडेपणाने असं विद्यापीठ काढत नाही.

सदाशिव_30:
तरी अभ्यासक्रमाचं काय? आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र. म्हणजे शिकून पुन्हा संसारच! कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाईंनी पदवी फर्ग्युसनमधून घेतली, डॉक्टरेट बर्लिनहून आणली आणि मग त्या याच विद्यापीठाच्या रजिस्ट्रार झाल्या. ज्यांना संधी होती त्यांनी मोठी वाट धरली, हे नोंदवायलाच हवं.

मीना_ठाणे:
सदाशिव, त्या काळी बाळंतपणात बायका पटापट दगावायच्या. आरोग्यशास्त्राला हिणवू नका. आणि पैशाकडे कुणीच बघत नाहीये. 1920 मध्ये मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तरीही निधी पुरत नव्हता, म्हणून कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, 1929 मध्ये, परदेश दौऱ्यावर निघाले. या वयात कुणी हौसेने दारोदार फिरत नाही. या विद्यापीठात गुजराती मुलींनाही आपल्या भाषेतून शिकता आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र 1936 मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं आणि हिंगण्याच्या बायकांपासून विद्यापीठ लांब गेलं, याची हळहळही वाटते.

वैशाली_न:
मीनाताई, त्यांच्या कष्टांबद्दल दुमत नाही. मातृभाषाही मान्य. पण तेवढ्यासाठी मुलींना वेगळं काढायची गरज नव्हती. मराठीतून शिकायची सोय खेड्यातल्या मुलग्यांनाही हवीच होती. ती मागणी मुंबई विद्यापीठाच्या दारात जाऊन लढवायला हवी होती.