'पादासन' म्हणजे नेमकं काय? (स्तोत्र ११०:१)

नगरी: संडे स्कूलला बायबलमधलं ११०वं स्तोत्र घेतलं. त्यात देव राजाला म्हणतो, 'मी तुझे वैरी तुझे पादासन करीपर्यंत तू माझ्या उजवीकडे बस.' 'पाद' कानावर पडताच मागच्या रांगेत खसखस पिकली. एकीने विचारलं, "सर, हे पद्मासनासारखं का?" मी म्हटलं, पाय ठेवायचा पाट. घरी सासरे उखडले: "पाट जेवायला असतो. पादासन म्हणजे पायपुसणं!" या ओळीवर नाटुकलं बसवतोय. राजाच्या पायाखाली काय ठेवू आणि त्याला म्हणू काय?

बोरूबहाद्दर: पायपुसणं अजिबात नाही. संस्कृत काव्यात मांडलिक राजांचे मुकुट ज्याला घासतात ते पादपीठ, तेच हे. शब्द उत्तम आहे. मुलं हसतात म्हणून शब्द बदलायचा तर उद्या 'पादुका'ही काढा.

चुलीपाशी: तुमच्या सासऱ्यांचं अर्धं पटतं. आमच्या आजीकडे पाटाला पाय लागला की आधी पाटाला नमस्कार, मग जेवण. पाटावर पाय ठेवून बसलेला राजा तिने उठवलाच असता. चौकी म्हणा.

बोरूबहाद्दर: चौकीत पोलीस बसतात.

चुलीपाशी: आणि पादासनात तुम्ही. २३व्या स्तोत्रात बघा, मूळ हिब्रूत 'शुल्हान', म्हणजे मेज. मराठीत काय केलं? 'तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस.' शत्रू बघत बसलेत आणि याला गरम गरम वाढलं जातंय! तिथे मेजाचं ताट चालतं, मग इथेच संस्कृत कशाला?

वाटसरू: अर्थाचं बोला की. यहोशवा १०:२४ मध्ये सरदारांना पाच राजांच्या मानेवर पाय द्यायला सांगितलंय, अगदी शब्दशः. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या १९२२ साली सापडलेल्या कबरीतल्या पाय ठेवायच्या चौक्यांवर बांधलेले शत्रू कोरलेत, चपलांच्या तळव्यांवरही काढलेत. म्हणजे राजा नुसता बसला तरी शत्रू पायाखाली. नगरी सर, खोक्यावर तशी माणसं रंगवा, मुलांना लगेच कळेल.

सायली_पुणे: पण मग यशया ६६:१ चं काय? 'आकाश माझे सिंहासन, पृथ्वी माझे पादासन.' हिब्रू शब्द तोच, हदोम. तिथे पृथ्वीला तुडवायचं नाहीये. ९९व्या स्तोत्रात तर लोकांना त्या पादासनापाशीच नमन करायला सांगितलंय. म्हणजे वस्तूत अपमान नाही, तिच्या जागी वैरी आले की अपमान येतो. सासऱ्यांना हे वाचून दाखवा.

नगरी: दाखवलं. म्हणाले, "पृथ्वी वेगळी, वैरी वेगळे." जेवताना परत तेच.

वाटसरू: शिवाय हीच ओळ नव्या करारात येते, तिथे मत्तय २२:४४ च्या जुन्या ग्रीक प्रतींत नुसतं 'पायांखाली' आहे, लूक २०:४३ मध्ये पाय ठेवायचं आसन. म्हणजे वस्तूचं नाव न घेताही भागतं. 'तुझे वैरी तुझ्या पायांखाली.' मुलं हसणार नाहीत.

बोरूबहाद्दर: भागतं, पण चित्र जातं. 'पायांखाली' तर मुंग्याही येतात.

चुलीपाशी: पायपुसण्यावरून आठवलं. 'कशाचा पायपोस कशात नाही' मधला पायपोस पुसण्यावरूनच आला ना? दारातल्या पायपुसण्यांचा गोंधळ?

बोरूबहाद्दर: नाही हो ताई, फारसी पापोश. पाय झाकणारं, म्हणजे जोडा. आपण 'पा'चा 'पाय' केला. एकाच्या जोड्यात दुसऱ्याचा पाय, असा गोंधळ.

चुलीपाशी: म्हणजे फारसी चालते, पण चौकी चालत नाही?

बोरूबहाद्दर: ती रुळलेली आहे.

चुलीपाशी: चौकी काय परवा आली?

नगरी: मंडळी, तालीम उद्या आहे. सध्या राजा सिलिंडरच्या ट्रॉलीवर पाय ठेवून बसतोय आणि तिला चाकं आहेत.

सायली_पुणे: पापोशावरून, आमच्याकडे 'पायतण' म्हणतात. ते मात्र संस्कृत 'पादत्राण' ना?