बंपर दुरुस्त करावा की नवा बसवावा? आपापले अनुभव लिहावेत

पांढरकवडेकर (धागा सुरू करणारा)
कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातील रस्ते संध्याकाळनंतर अवघड होतात. एकीकडे मागचा दिवा नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या असतात आणि दुसरीकडे तुरीच्या शेतातून अचानक रस्त्यावर येणारे रोही (नीलगाई) आणि रानडुकरे. काल शेजारच्या काकांच्या गाडीला रोही धडकले. बंपरच्या जाळीत अडकलेले त्याचे राखाडी केस पाहिले आणि मला माझी जुनी गाडी आठवली.

जिनिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर एक ट्रॉली मागे सरकत आली होती आणि तिच्या कोपऱ्याने बंपर वीतभर फाटला होता. शहरातील सर्व्हिस सेंटरने गाडी न उघडताच नवा बंपर लागेल असे सांगितले. आमच्या गावच्या डेंटरने मात्र तो उतरवला, उलटा करून आतल्या बाजूची धूळ पुसली आणि तेथे कोरलेली पीपी ही अक्षरे मला दाखवली. हे पॉलिप्रॉपिलीन असल्यामुळे उष्णतेने वितळते व त्याच जातीच्या कांडीने जोडता येते, असे त्याने समजावून सांगितले. त्याने फाटीच्या दोन्ही कडा तासून खाच केली, आतून स्टीलची बारीक जाळी तापवून दाबली आणि मग कांडीने खाच भरली. गाडी विकेपर्यंत तो जोड टिकला. काकांना काय सांगावे यासाठी आपले अनुभव हवे आहेत.

वणीकर
भाऊ, बाहेरचे प्लॅस्टिक पाहून काहीही ठरवू नका. कोळशाच्या ट्रकमागे गाडी चालवताना माझी धडक झाली, तेव्हा बंपर दबून पुन्हा आपल्या आकारात आला होता आणि वरून फक्त एक ओरखडा दिसत होता. आत मात्र लोखंडी आडवी पट्टी वाकलेली होती आणि तिच्या मागचा एसीचा कंडेन्सर घासला जात होता. धक्का झेलण्याचे काम मुख्यतः ती पट्टी आणि तिच्यापुढचा फोम करतात, त्यामुळे वाकलेली पट्टी ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेली बरी, हे माझे ठाम मत आहे. रोह्यासारख्या जड जनावराची धडक असेल तर काकांनी आधी बंपर उतरवून घ्यावा.

आर्वीची शिक्षिका
काका सुखरूप आहेत ना? ते आधी कळवा.

पांढरकवडेकर
हो ताई, काका अगदी ठीक आहेत. वेग कमी होता.

दारव्हेकर
विम्याचा हिशेब मी सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी तो कागदावर मांडून दाखवतो. जनावराची धडक फक्त थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असावे लागते. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. रंगकामाच्या एकूण बिलातील 25 टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावरही 50 टक्के कापतात, आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये सक्तीचे वेगळे भरावे लागतात. समजा बंपर 4000 रुपयांचा आणि रंगकाम 4000 रुपयांचे आहे, तर 2000, 500 आणि 1000 मिळून 3500 रुपये आपलेच जातात व कंपनी 4500 देते. त्यात सलग 5 वर्षे दावा न केल्याने मिळालेली 50 टक्के नो क्लेम बोनसची सवलत एका दाव्याने जाते आणि पुढे पुन्हा 20 टक्क्यांपासून चढावे लागते. त्यामुळे फक्त बंपरसाठी दावा करणे बहुधा परवडत नाही. दिवा, रेडिएटर, बोनेट असे सर्व मिळून नुकसान असेल तर मात्र जरूर करावा, आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गाडीला हात लावू नये.

हिंगणघाटकर
क्लिपा आणि कान पाहा. फाट जोडता येते, परंतु बंपर ज्या कानांवर बसतो तेच मुळापासून तुटले असतील तर जोडलेला बंपर खराब रस्त्यावर हळूहळू सैल होतो. कान तुटला नसला तरी वाकलेल्या जागी प्लॅस्टिक पांढरे पडलेले दिसते. ती जागा कमजोर झालेली असते.

चंद्रपूरची रहिवासी
माझा अनुभव रंगाचा आहे. दुरुस्ती उत्तम झाली, पण प्लॅस्टिकचा प्रायमर न मारता थेट रंग दिला गेला आणि आमच्या उन्हाळ्यात, जेथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तो पापुद्रे धरून निघू लागला. पत्र्यावरचे खड्डे भरण्यासाठी वापरतात ती लांबीही (पुट्टी) लवचिक बंपरवर तडकते. म्हणून पेंटरला आधी हे दोन प्रश्न विचारावेत आणि गाडीच्या माहितीच्या पट्टीवरचा रंगाचा कोड लिहून द्यावा. नुसता पोचा पडला असेल आणि फाट नसेल, तर उकळते पाणी ओतून आतून दाबल्यावरही बंपर पुष्कळदा जागेवर येतो. हे मी स्वतः अंगणात केलेले आहे.

अंजनगावकर
रोही आणि डुकरांचा एवढा त्रास आहे, तर पुढे लोखंडी गार्डच बसवून घेतले तर चालेल का?

वणीकर
नको भाऊ. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गार्ड थेट चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेले असल्याने धक्का झेलणारा भाग बाजूला राहतो आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेवरही परिणाम होऊ शकतो. पायी चालणाऱ्याला त्याचा मार बसतो तो वेगळाच.

पुसदकर
मागच्या बंपरविषयी एक सांगतो. जुलै 2019 पासूनच्या गाड्यांना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. मी बाजारातला स्वस्त लोकल बंपर घेतला, तर त्याची सेन्सरची छिद्रे नीट जुळली नाहीत आणि दिव्याखाली बोटभर फट राहिली. मूळ बंपर जोडण्यासारखा असेल तर तोच जोडून घ्यावा, बदलायचाच असेल तर कंपनीचा घ्यावा. ज्या नव्या गाड्यांमध्ये बंपरमागे रडार असते, त्यांच्यात त्या जागेवर लांबीचा जाड थर देऊ नये, कारण रडारला अडथळा होतो.

पांढरकवडेकर
सर्वांचे मनापासून आभार. आज डेंटरकडे काकांच्या गाडीचा बंपर उतरवला. पट्टी सरळ आहे, कंडेन्सर शाबूत आहे, डावीकडचा एक कान पांढरा पडला आहे आणि फाट खालच्या कडेला आहे. विमा फक्त थर्ड पार्टीचा असल्याने दाव्याचा प्रश्न उरत नाही. कानाला आतून जाळी लावून फाट जोडायची आणि रंगाआधी प्लॅस्टिकचा प्रायमर मारायचा, असे डेंटरशी ठरले आहे.