गल्लीतल्या एका घराला आधार द्यायचाय, पैसे देऊन झाले, आता पुढं काय?

उत्तरेश्वरकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी वाचा आणि स्पष्ट सांगा.

आमच्या घरापासनं चार दारं सोडून एक कुटुंब राहतं. दादा आपल्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला होते, पंधरा-सोळा वर्षं तिथंच. बीपी होतं, गोळ्या कधी घ्यायचे कधी नाही, गेल्या दिवाळीच्या आधी पाय सुजले, धाप लागायला लागली म्हणून तपासलं तर दोन्ही किडन्या निकामी. आता आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, चार-चार तास मशीनवर, काम सुटलंच. थोरली पोरगी तेरा वर्षांची, तिला जन्मापासनं सेरेब्रल पाल्सी आहे, उचलून बसवायला लागतं, भरवायला लागतं, बोलता येत नाही पण सगळं कळतं तिला, गल्लीत हलगी वाजली की खुदकन हसते. धाकटा सहावीत आहे. वहिनी ब्लाऊज शिवतात, तेवढीच कमाई, आणि तीन दिवस दवाखाना म्हटल्यावर ते तरी कधी शिवणार.

आता माझा प्रश्न. आम्ही तालमीतल्या पोरांनी ११ हजार जमवले आणि पाच-सहा जणांनी जाऊन दिले. त्यातल्या एकानं फोटो काढून स्टेटसला टाकला, पोरगी पण फोटोत होती. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण तेव्हापासनं वहिनींचं दार बंद असतं, हाक मारली तर "सगळं बरं आहे" एवढंच म्हणतात. आई दर रविवारी शहाळी आणि केळी पाठवते ती तेवढी घेतात. मला आतनं लै लागलंय हे. मदत तर करायचीच आहे आणि ती एकदा देऊन विसरायची नाही, कारण हा आजार काय महिन्या-दोन महिन्यात संपणारा नाही. कशी करू?

बावडेकरीण

भाऊ, सगळ्यात आधी आईंना सांगा, शहाळं आणि केळी आजपासनं बंद. त्यांचा काही दोष नाही, आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे शहाळंच नेतात. पण किडनी काम करत नसली की पोटॅशियम अंगात साठतं, आणि शहाळं, केळी, मोसंबी यात तेच भरपूर असतं, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, एका रात्रीत माणूस जाऊ शकतो. वहिनींना डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच, त्या "नको" म्हणू शकत नाहीत म्हणून घेत असतील आणि पोरांना देत असतील. पाणी पण मोजून असतं. कुणी गेलं की "घ्या की हो घोटभर चहा" असा आग्रह करतं तो पण नको. काय चालतं ते त्यांच्या डायटिशियननं लिहून दिलेला कागद असतो, तो बघून मगच डबा.

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस साडेचार वर्षं चाललं. आता ते नाहीत. पहिल्या दोन महिन्यात आमचं घर माणसांनी भरलेलं असायचं, पाकिटं यायची, सगळे म्हणायचे "काय लागलं तर सांगा". मी कुणाला काय सांगणार होते? काय लागतंय ते मलाच कळत नव्हतं, आणि "सांगा" म्हटलं की मागायची जबाबदारी परत माझ्यावरच. सहा महिन्यांनी कुणी नव्हतं. फक्त खालच्या मजल्यावरचे एक काका होते, ते दर मंगळवारी सकाळी साडेसहाला रिक्षा घेऊन दारात उभे असायचे, न विचारता. पावसात पण. मिस्टरांना नेऊन सोडायचे आणि मी मागनं स्वयंपाक आवरून बसनं जायची. तेवढ्या दीड तासावर माझा सगळा आठवडा उभा होता, हे त्यांना कधी कळलं का नाही कुणास ठाऊक.

म्हणून सांगते, "काय लागलं तर सांगा" म्हणू नका. "शनिवारची खेप माझी" असं म्हणा आणि मग ती कधी चुकवू नका. डायलिसिसची पाळी चुकली तर पाणी फुफ्फुसात चढू शकतं. आणि एक, ज्या हातात फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) केलाय त्या हाताला धरून त्यांना उठवायचं नाही, त्या हातात पिशवी द्यायची नाही, बीपी त्या हाताला मोजू द्यायचं नाही. नेणाऱ्या पोरांना हे माहिती पाहिजे.

फोटोचं म्हणाल तर जाऊन माफी मागा. फोटो काढून टाकला एवढं सांगा आणि गप्प बसा, आमचा हेतू काय होता ते समजावत बसू नका.

शिरोलीकर

भावा, मी पण फौंड्रीतलाच. पयलं एक काम कर, दादांचं ईएसआयचं, म्हंजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड हाय का बग. पगार २१ हजाराच्या आत आसंल तर कंपनीनं कापलेलं असणारच, ठेकेदाराकडं आसले तरी. लोकांना वाटतं ईएसआय म्हंजे फकस्त दवाखाना आणि गोळ्या. तसं न्हाई. आजारपणाचे पैसे मिळत्यात, ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के, आणि मोठ्या आजारांची एक ३४ आजारांची यादी हाय त्यात किडनी फेल आसणं येतं, त्याला पुढं दोन वर्षापर्यंत ८० टक्के मिळत्यात. त्याला दोन वर्षं सलग नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागती, पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचं तेवढं भरलेलं आसंल. काम सुटलं म्हणून लगीच बंद हुत न्हाई, आधी भरलेल्या वर्गणीवर पुढचे काई म्हैने हक्क ऱ्हातो, म्हणून उशीर करू नगा. आणि आजारपणाचे पैसे चालू आसताना मालकाला सहजासहजी कामावरनं काढता येत न्हाई. राजीनामा लिहून दिलाय का ते नीट इचारा, न्हाईतर दिऊ नगा म्हणावं.

पीएफमधनं पण आजारपणासाठी पैसे काढता येत्यात. मोबाईलवरनं हुतंय पण आधार न् बँक जोडलेलं पायजे, तिथं आमची लोकं आडकत्यात. तुमी पोरं मोबाईलमधली, एक संध्याकाळ बसा त्यांच्यासंगट.

कागदपत्र_काका

शिरोलीकरांनी लाखमोलाचं सांगितलं. मी कचेरीतनं रिटायर झालेला माणूस, पोरीच्या बाजूचं सांगतो.

पोरीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का? नसेल तर तिथनंच सुरुवात, ४० टक्क्याच्या वर अपंगत्व असेल तर पुढची सगळी दारं त्या कार्डावर उघडतात. ऑनलाइन अर्ज करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आपल्याकडं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. दुसरं, संजय गांधी निराधार योजना, अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आता दादांची कमाई बंद झाल्यावर नवा दाखला काढा, जुन्या पगाराचा दाखला जोडला तर अर्ज उडतो, हे मी डोळ्यानं किती बघितलंय. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासनं महिन्याला २५०० झालंय. तिसरं निरामय, ही केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठीच आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि यात फिजिओथेरपीचा खर्च पण मिळतो जो दुसऱ्या विम्यात सहसा मिळत नाही. पैसे आधी आपण भरायचे, बिलं जपायची, मग परत मिळतात. बिलं जपणं हे काम गल्लीतल्या एका पोरानं घ्या, एक फाईल करा, तारखेवार.

डायलिसिस महात्मा फुले योजनेत चालू असेलच, नसेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा गरिबांना मोफत असतात, उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर. हे आधीच मागायचं, बिल झाल्यावर नाही.

व्हीलचेअर कुठलीही उचलून आणू नका. पोरीच्या मापाची पाहिजे, मान आणि पाठ धरून ठेवणारी, नाहीतर पाठीचा कणा वाकडा होत जातो. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली आपल्याच कोल्हापुरात उभी केलेली संस्था आहे, स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी हे काम उभं केलं. तिथं जाऊन विचारा, खुर्चीतलं त्यांना कळतं तेवढं दुकानदाराला कळत नाही.

आणि वहिनींना रांगेत उभं करू नका. सही त्यांची लागते तिथं न्या, बाकी झेरॉक्स, दाखले, चार खेपा तुम्ही घाला.

राजारामपुरी

सगळं बरोबर आहे पण एक बोलतो, राग मानू नका. पैशाची गरज नाही असं ऐकून घेऊन गप्प बसू नका. अर्ज मंजूर व्हायला महिने जातात, घरभाडं आणि लाईटबिल दर महिन्याला येतं. आमच्याकडं असाच एक प्रसंग होता, आम्ही दहा जणांनी महिन्याला पाचशे ठरवले, भिशीसारखे, आणि पाच तारखेला थेट खात्यावर, कुणी दारात जायचं नाही, कुणाचं नाव नाही. दोन वर्षं चाललं. एकरकमी पन्नास हजारापेक्षा हे पाच हजार त्या घराला जास्त उपयोगी पडले कारण ते येणार हे माहिती होतं, त्यावर हिशोब करता यायचा.

बावडेकरीण

राजारामपुरी, पटलं. फक्त आधी वहिनींना विचारून. आणि शिवणाचं काम द्या त्यांना, गल्लीतल्या बायकांनी ब्लाऊज त्यांच्याकडंच टाकायचे, भाव न करता. ते पैसे हातात घेताना मान वर असते, मी हे अनुभवावरनं सांगते.

उत्तरेश्वरकर

चार दिवसांनी लिहितोय. तुमचे सगळे मेसेज आईला वाचून दाखवले, ती शहाळ्याचं ऐकून रडली. तिलाच पुढं करून गेलो. फोटोबद्दल माफी मागितली, वहिनी काहीच बोलल्या नाहीत, पण बसा म्हणाल्या आणि चहा ठेवला.

ईएसआयचं कार्ड सापडलं, गादीखाली होतं. राजीनामा दिलेला नाही. सोमवारी दादांबरोबर मी आणि तालमीतला एकजण ऑफिसला जाणार आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा तीन खेपा तिघांनी वाटून घेतल्यात, फिस्टुलाचं सगळ्यांना समजावलंय. यूडीआयडी कार्ड आहे पण निरामयचं त्यांनी नावच ऐकलं नव्हतं. खात्यावर पैशाचं विचारलं तर वहिनी म्हणाल्या विचार करून सांगते, तर तिथं थांबलोय.

मग मी विचारलं की रोजच्या रोज काय जड जातं. मला वाटलं औषधं म्हणतील. त्या म्हणाल्या पोरगीला संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशींची धार बघायला लै आवडतं, आधी दादा खांद्यावर घेऊन जायचे, आता त्यांना उचलवत नाही आणि तिला पण वर्ष झालं घराबाहेर नेलं नाही, कुणी नेईल का.

कागदपत्र काका, खुर्चीच्या मापासाठी नेताना पोरगीला बरोबर न्यायचं ना? आणि खुर्ची येईपर्यंत तिला कट्ट्यापर्यंत कसं नेऊ, रिक्षात मान धरून बसवलं तर चालेल का, कुणी तसं नेलंय का आपल्या पोराला?