मदत हवी आहे: जुन्या बारा बोरच्या बंदुकीत ७० मिमीचं काडतूस चालेल का?

दारव्हा तालुक्यात चार एकर वावर आहे, सध्या हरभरा उभा आहे. रानडुकरं रोज रात्री नाल्याकडून येतात. झटका मशीन लावली, धुऱ्यावर साड्या बांधल्या, फटाके फोडले, जागलही केली. आठ दिवस फरक पडतो, मग पुन्हा तेच. तारेत थेट करंट सोडायचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. त्यात माणसं मरतात.

आजोबांची विलायती दुनळी आहे. पीक संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला आहे, नूतनीकरणही केलं आहे. डुकरासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, परवानगी हातात आल्याशिवाय बार काढणार नाही.

अडचण वेगळीच आहे. नळ्या काढून साफ करताना खाली २½ इंच कोरलेलं दिसलं, म्हणजे चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं. दुकानात मात्र एलजी आणि एसजी (मोठ्या छऱ्यांची काडतुसं) दोन्ही ७० मिमीचीच. काडतूस आत अगदी नीट बसतं, आणि मला तीच भीती वाटते. कारण तोंड मुडपलेलं असतं, बार उडाला की ते पुढे उघडतं आणि दाब वाढतो. दुकानदार म्हणतो, "सगळे वापरतात, काही होत नाही." डोळे माझे जाणार, त्याचे नाही!

३१५ रायफल घ्या असं सुचवू नका. वस्ती दोनशे मीटरवर आहे आणि वावर सपाट, चुकलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही.

विदर्भात ६५ मिमीची एलजी कुठे मिळते का? नसेल तर चेंबर वाढवून घेणं या जुन्या नळीला झेपेल का, आणि ते तपासून देणारा परवानाधारक कारागीर नागपूर-अमरावतीकडे कोणाच्या माहितीत आहे का?