शब्दचर्चा : ‘तारणी कर्ज’ म्हणजे निर्धोक कर्ज का?

प्रश्न : बँकांच्या अहवालात ‘तारणी’ आणि ‘विनातारणी’ अशी कर्जांची विभागणी असते. जमीन व इमारतींवरील कर्जे तारणी सदरात मोडतात. मग त्यांच्यामुळे व्यापारी बँकेची पतजोखीम वाढते, असे का म्हटले जाते?

प्रतिसाद १ : पतजोखमीत दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. कर्ज थकण्याची शक्यता ही एक, आणि थकल्यानंतर बँकेचे किती बुडेल ही दुसरी. तारणामुळे प्रामुख्याने दुसरी कमी होते. पहिली ऋणकोच्या उत्पन्नावर अवलंबून राहते. पगारदाराच्या गृहकर्जात हप्ता पगारातून येतो, त्यामुळे घराची किंमत उतरली म्हणून लगेच हप्ते थांबत नाहीत. विकासकाचे तसे नसते. त्याची परतफेड ज्या सदनिकांच्या विक्रीतून व्हायची, त्याच बहुधा अर्धवट अवस्थेत बँकेकडे गहाण असतात, म्हणजे मागणी ओसरली की हप्ते थकतात आणि नेमक्या त्याच वेळी तारणाचे मोलही घसरते. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये ‘व्यापारी स्थावर मालमत्ता’ कर्जाची व्याख्या करताना हाच निकष धरला : परतफेड आणि थकल्यास होणारी वसुली, दोन्ही मुख्यतः त्याच मालमत्तेतून येणाऱ्या पैशावर अवलंबून असणे. पुढे 2013 मध्ये या वर्गातून निवासी प्रकल्प वेगळे काढून त्यांचा जोखीमभार (कर्जाची किती टक्के रक्कम जोखमीची धरून बँकेने त्यावर भांडवल राखायचे, ते प्रमाण) 75 टक्के ठरवला गेला. उरलेल्यांचा 100 टक्केच राहिला. ही सवलत मला जरा सढळ वाटते, कारण न विकलेल्या सदनिकांचा धोका निवासी प्रकल्पातही असतोच.

प्रतिसाद २ : वरील विवेचनाला ‘ताबा’ या शब्दाची जोड द्यावीशी वाटते. न्यायालयात दावा न लावता तारण विकून थकीत कर्ज वसूल करण्याची मुभा बँकांना देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार 60 दिवसांची मागणी नोटीस दिल्यानंतर बँक वृत्तपत्रात जी ‘ताबा सूचना’ छापते, तिच्यात पुष्कळदा ‘प्रतीकात्मक ताबा’ असे शब्द असतात. याचा अर्थ सूचना दारावर चिकटवली गेली, पण घरात राहणारे घरातच आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी अनेकदा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यानंतरचा लिलावही ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर होतो, म्हणजे गृहनिर्माण संस्थेची थकबाकी किंवा मालमत्ता कर यांची चौकशी खरेदीदाराने स्वतःच करायची. साहजिकच तो बोली हात राखून लावतो. मूल्यांकन अहवालातील किंमत आणि बँकेच्या हाती पडणारी रक्कम यांत अंतर पडते ते इथे, आणि तोवर गेलेल्या काळाचे व्याज वेगळेच.